यानाला दम लागत नाही

गल्लीत त्यांना सगळे यानबाई म्हणत. खरं नाव वाण्याला ठाऊक नव्हतं आणि पोस्टमनच्याही लक्षात राहत नसे. टीव्हीवर एक परदेशी अंतराळ मालिका लागायची आणि ती काही केल्या संपायचं नाव घेत नव्हती. एक संपली की तिच्याच पोटातून दुसरी निघे. कप्तान बदले, यान बदले, गणवेश आणखी घट्ट होई, परग्रहावरच्या लोकांच्या कपाळावरच्या वळ्या वाढत. बदलत नसे तो फक्त यानाचा आवाज. सगळं पेटलेलं असताना छतातून एक बाई थंडपणे सांगे, 'हवेचा दाब कमी होत आहे.' आपल्या भाषेत हे सांगणारी बाई म्हणजे यानबाई.

त्याआधी त्या टेलिफोन खात्यात होत्या. दिवसभर लोकांना 'थांबा, लाइन मोकळी नाही' असं सांगून सांगून त्यांच्या आवाजातली माया पार आटली होती. डबिंगच्या दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं होतं.

"बाई, तुम्ही माणूस नाही, यान आहात," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. "यानाला दम लागत नाही. श्वास ऐकू आला की वाक्य पुन्हा."

रेकॉर्डिंगच्या खोलीपेक्षा कोंबड्यांचं खुराडं बरं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद, हेडफोन आधीच्या माणसाच्या घामाने ओला आणि माइकला त्याच्या तोंडाचा वास. त्या वासात नाक खुपसून यानबाई चांदण्यांविषयी बोलत. मान वळवून, चोरून श्वास घेत. तरी एखादा राहिलाच, तर रेकॉर्डिस्ट तो कापून टाकी. एकदा त्यांचं पोट गुरगुरलं, तर अख्खा हल्ला पहिल्यापासून करावा लागला.

घरी मात्र ही बाई सुटायची. तोंडाचा पट्टा सुरू झाला की दूधवाला, नवरा, नणंद, कोणाचीच खैर नसे. सासूबाई कपाळाला हात लावत. "अगं, मधे दम तरी खा. माणसाला हो-नाही म्हणायला तरी जागा ठेव." सासूबाईंनी सुनेचं कौतुक कधी केलं नाही. मालिकेला त्या 'तुझं डबडं' म्हणत. पुढे त्यांची नजर गेली, खाट बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आली, आणि डबडं रोज कानांवर आदळू लागलं. नवऱ्याला मात्र भारी अभिमान. बहीण दारात दिसली की तो बायकोच्या कानात पुटपुटे, "यानात अनोळखी जीव आढळला आहे."

मग नवी मालिका येणार अशी जाहिरात सुरू झाली. यानबाईंनी घसा जपायला घेतला. थंड पाणी सोडलं, दूधवाल्याशी भांडण सोडलं. बोलावणं काही येईना. शेवटी त्यांनीच फोन केला. पलीकडे नवा मॅनेजर होता, गोड बोलणारा.

"तुम्हाला आता कशाला त्रास, मॅडम? तुमचा आवाज आहे ना आमच्याकडे."

म्हणजे जुनी वाक्यं पुन्हा वापरणार, असं त्या समजल्या. पहिल्या भागाला संध्याकाळी घर भरलं. नणंद आली, नवऱ्याने खुर्च्या मांडल्या, सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. यान निघालं. कप्तानाचा मित्र मेला. आणि छतातून यानबाईंचा आवाज आला. आधी त्याने एक श्वास घेतला, लांब, ओलसर, आणि मग म्हणाला, "मला वाईट वाटतंय, कप्तान."

हे वाक्य यानबाई जन्मात बोलल्या नव्हत्या. पलंगावरची आपली चादर कोणी परकं माणूस अंगाभोवती गुंडाळून बसलंय, तसं झालं. आवाज त्यांचाच, अक्षरन् अक्षर त्यांचं, ओठ दातांत धरून म्हटलेला तो 'व'सुद्धा त्यांचा. यंत्राकडून त्यांचं जुनं बोलणं घोटवून घेऊन वाटेल ते वदवलं होतं. आणि वर श्वास! त्यांचा खराखुरा श्वास इतकी वर्षं कचऱ्यात टाकला, आणि आता हा उष्टा, बनावट श्वास वाक्यावाक्याला चिकटवला होता. पुढच्या प्रसंगात तर यान हुंदका द्यायला लागलं. यानबाईंना शिसारी आली. आवाजाच्या चोरीइतकीच त्या हुंदक्याची.

"वहिनी, यंदा तर तू कमालच केलीस," नणंद डोळे पुसत म्हणाली. "आधी अगदीच कोरडी बोलायचीस."

"ती मी नाही," यानबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" नवरा हसला. "तुझा आवाज मी ओळखणार नाही?"

"अहो, मी सगळा वेळ घरात आहे. गेले होते का कुठे बोलायला?"

"आधीच करून ठेवलं असशील. तुझ्या लक्षात नसेल."

मॅनेजर चोर होता, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण हा माणूस जन्मभर त्यांच्या शेजारी जेवला, झोपला, त्यांची बोलणी खाल्ली, आणि त्याला कळू नये? मॅनेजरपेक्षा त्यांना नवऱ्याची किळस वाटली, आणि अशी वाटल्याची लाजही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला टीव्हीसमोर बसवलं. पहिल्या मालिकेतला भाग, मग अंतराळ स्थानकावरच्या मालिकेतला, ज्यात त्यांना पडसं झालं होतं तो, मग नवा. पुन्हा पहिला. पुन्हा नवा. रबरी शेपट्या, पुठ्ठ्याचे ग्रह, तेच तेच स्फोट. ज्या मालिकेने घर चालवलं तिचा त्यांना इतका वीट आला की सुरुवातीचं संगीत वाजलं तरी घशाशी यायचं. कोणीतरी एकाने म्हणावं, 'ही तू नव्हेस', एवढंच त्यांना हवं होतं. नवरा प्रत्येक वेळी मान तिरपी करून ऐके आणि सांगे, "नव्यात आवाज जरा साफ आहे. बाकी तूच." मग तो खुर्चीतच पेंगू लागे.

चौथ्या संध्याकाळी यानबाईंनी नाद सोडला. रिमोट हातात घेऊन त्या नुसत्याच बसल्या. नवी मालिका आपली चालू होती. यानाने श्वास घेतला आणि कप्तानाला धीर दिला.

"ही कोण बाई आणलीय?" खाटेवरून सासूबाईंनी विचारलं.

यानबाई वळल्या. "कोणती, आई?"

"ही बोलतेय ती. आवाज तुझ्यासारखा काढते, पण ही तू नाहीस."

नवरा खडबडून जागा झाला. यानबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कशावरून म्हणता?"

"कशावरून म्हणजे? ही दम खाते. बोलायच्या आधी थांबते, समोरच्याला तोंड उघडू देते. तू लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसापासून एकदा तरी दिलंस का उघडू?" सासूबाईंनी उशी सारखी केली. "मला आवडली ही. हिलाच ठेवा."

नवरा फिसकन हसला आणि बायकोकडे पाहून लगेच गप्प झाला. यानबाईंचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर ज्या बाईशी त्यांचं क्षणभर पटलं नाही, तिने त्यांना एका वाक्यात ओळखलं होतं, आणि दुसऱ्या वाक्यात नापास केलं होतं. त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी टीव्ही बंद केला. उठून खाटेपाशी गेल्या, सासूबाईंचं पांघरूण पायांवर ओढलं आणि सुरुवात केली, की औषधाची गोळी अजून वाटीत तशीच कशी, दुपारी पाणी का प्यायला नाहीत, उशी अशी दुमडून मान धरली की पुन्हा मलाच हाका मारणार, आणि त्या बाईला ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण पाठ चोळायला तिला हात आहेत का ते आधी विचारून घ्या. सासूबाईंनी मधे दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.