अक्कांचं काजळ

‘उजेडात आण गं तिला!’ मल्लेश्वरमच्या आमच्या घरमालकीण अक्का दारातूनच हुकूम सोडायच्या. कुणाचंही बाळ असो, खिडकीपाशी न्यायचं, दोन बोटांनी हनुवटी वर करायची आणि डोळे बघायचे. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, गल्लीतली सगळी बाळं जिला आपलीच वाटतात. अक्कांचं घराणं बंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. मराठी बोलतानाही ‘जरा’ऐवजी कानडी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ आपसूक यायचं. मी नागपूरची, आधी हसायचे. मग मीही ‘सरी अक्का’ म्हणू लागले.

काजळ त्या घरीच धरायच्या. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट. त्याचा त्यांना तोरा किती, ते तर विचारूच नका! माझ्या आठवड्याच्या लेकीच्या डोळ्यांत त्यांनी ते घातलं, तेव्हा मी कौतुकानं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा डोळा उघडेना. पापण्या पिवळ्या पुवानं चिकटलेल्या, वर टम्म सूज. नवरा कामासाठी परगावी. फोनवर आई म्हणाली, ‘अंगावरचं दूध घाल डोळ्यात.’ मी जिन्यातून अक्कांना हाक मारली. अक्का खालच्या मजल्यावरून वर आल्या, तिला खिडकीपाशी नेलं आणि लगेच परत माझ्या हातात दिलं.

‘हे घरी बघायचं काम नव्हे. ऑटो बोलाव, आत्ता.’

वाटभर मी एकच विचारत होते, ‘दिसेल ना हो अक्का तिला?’ त्या नुसत्या म्हणाल्या, ‘स्वल्प थांब गं.’

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘डोळ्यात काही घातलं होतं?’ मी अक्कांकडे बघितलं.

‘काजळ. मीच घातलं, माझ्या हातानं.’

‘संसर्ग जन्मतानाही होतो, त्यामुळे काजळानंच झालं असं नाही. पण आता औषधाशिवाय काही घालायचं नाही.’ त्यांनी पू तपासायला पाठवला, डोळा धुतला, पापणी उचलून उजेड टाकला. देवा रे, तेवढा वेळ माझा जीव मुठीत होता. ‘बुबुळ अजून स्वच्छ आहे. उशीर झाला असता तर नजरेवर बेतलं असतं.’ अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि थेंब सुरू झाले. सूज उतरली तरी औषध मध्येच सोडायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

प्रत्येक थेंबाच्या वेळी अक्का कोपरापर्यंत हात धुऊन हजर. डोकं त्या धरायच्या, पण बाटली हातात घेत नसत. ‘तूच घाल गं. मला धीर होत नाही.’ अर्ध्या गल्लीला काजळ घातलेले ते हात थेंब पडला की लगेच मागे व्हायचे, आणि मला त्यांचीच काळजी वाटायची.

मग एका सकाळी खिडकीपाशी लेकीनं दोन्ही डोळे टक्क उघडले. अक्का तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याच बाळाच्या डोळ्याला काजळ लावलं नाही; तळपायाला तीट लावायच्या, बस्स.

मागच्या थंडीत अक्का गेल्या. लेक आता शाळेत जाते. परवा जिना चढताना खालच्या खिडकीशी थांबली, काचेला नाक लावून आत बघत राहिली. ‘आई, खुर्ची दिसते, दिवा दिसतो. अक्का कुठे दिसत नाहीत गं?’

मी तिला उचललं, उजेडाकडे वळवलं आणि तिचे डोळे बघत राहिले.