औषधाचा विटाळ

नागपूरच्या डॉक्टरांनी नवी गोळी सांगितली तेव्हा मला वाटलं, पेशंट पाहून पाहून हा माणूस थकला आणि आता काहीतरी उलटं बोलून राहिला.

माझा डावा स्तन काढला त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली गेली होती. तुमचा कॅन्सर बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसतो, त्याला उपाशी ठेवायचं. मी शाळामास्तरीण. सांगितलेलं करायची सवय. उपाशी ठेवायची गोळी मी इमानेइतबारे घेतली. हाडं ठणकायची, भर हिवाळ्यात अंगाचा भडका व्हायचा, फळ्याकडे तोंड करून मी पदरानं वारा घ्यायची. तरी दुखणं कण्यात उतरलं. मग गोळी बदलली. मग दर महिन्याला कमरेखाली दोन्ही बाजूंना दोन घट्ट, तेलकट इंजेक्शनं. काही काळ बरं गेलं आणि त्यांचाही उपयोग थांबला.

आणि आता डॉक्टर म्हणत होते, "तेच हार्मोन आता आपण बाहेरून देऊ."

"म्हणजे ज्याला इतकी वर्षं उपाशी मारलं, त्याला पाटावर बसवून वाढायचं?"

ते हसले. "तसंच काहीसं. फार दिवस उपाशी राहिलेल्या पेशींना कधी कधी हे भरलेलं ताट सोसत नाही, त्या मरतात. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. थोडे महिने घेऊ, मग स्कॅन करून पाहू." पाय सुजला किंवा दम लागला तर ताबडतोब या, म्हणाले. अंगावरून जाऊ शकतं, गेलं तर कळवा, असंही म्हणाले. मी मान हलवली. साठीला टेकलेल्या बाईनं त्या वाक्याकडे काय लक्ष द्यायचं!

गावी, सिहोऱ्याला परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. हे सगळं कुणाला सांगावं असा प्रश्न मला पडला. मी लग्न केलं नाही. आईवडिलांच्या घरात भाऊ, वहिनी आणि मी असे तिघं राहतो. वहिनी माझ्याहून लहान, मला 'बाई' म्हणते. भाऊ धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीतून घरी येतो तो जेवायला आणि झोपायला. त्याला स्तन हा शब्द माझ्यासमोर ऐकवत नाही, बिचारा उठून जातो.

गोळी लागू पडतेय की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण अंगाला काहीतरी कळलं होतं. भडके थांबले. पहिले काही दिवस मळमळलं. मग राहिलेला एक स्तन दुखायला लागला, वयात येणाऱ्या पोरीचा दुखतो तसा. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. आरशासमोर उभी राहून मी एकटीच हसले. ही गंमत सांगायला जवळ एखादी मैत्रीण हवी होती असं फार वाटलं.

कानोबा दोन-तीन दिवसांवर आला होता. आमच्याकडे जन्माष्टमीला कानोबा बसतो. मातीची मूर्ती, वर मंडपीला टांगलेला तळणाचा फुलोरा, दुसऱ्या दिवशी तलावावर विसर्जन. तो फुलोरा घरात फक्त मला येतो. करंज्या, पापड्या कुणीही करील, पण मधोमध टांगायची कणकेची वेणी तळताना सुटू न देणं हे आईनं मला एकटीलाच शिकवलं होतं. वर्षभर या घरात मी असले काय आणि नसले काय, चालतं. त्या एका दिवशी मात्र सकाळपासून "बाई, बाई" अशा हाका सुरू असतात. मी त्या हाकांसाठी वर्ष काढते, हे कबूल करायला मला लाज नाही.

आणि नेमकं कानोबाला दोन दिवस असताना सकाळी अंगावरून गेलं.

मी आधी खो खो हसले. म्हटलं, वा गं बाई, पेन्शन सुरू झाल्यावर कावळा शिवला! वहिनीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती दोन पावलं मागं सरकली. मुद्दाम नाही, पाय आपोआप सरकले.

"वहिनी, हा विटाळ नाही. औषधाचं रक्त आहे."

"रक्त तं तेच नं जी, बाई?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "देव घरात येऊन राहिला. म्या कसं करू?"

आमच्या अंगणापलीकडे एक खोली आहे. घरातल्या बाया त्या दिवसांत तिथं बसायच्या. वहिनीची पाळी गेल्यापासून तिथं धानाची पोती असायची. तिनंच ती पोती सरकवली, खाट टाकली, नवी चादर घातली. माझं ताट उंबऱ्यावर ठेवून ती मागं झाली. वहिनी रोज संध्याकाळी माझ्या पाठीला तेल चोळायची, कणा दुखतो म्हणून. मला हात लावणारं या जगात तेवढंच एक माणूस. त्या संध्याकाळी ती आली नाही. दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेऊन आली आणि दुरूनच खाटेवर टाकली. "लग्नकार्य असलं का सगळ्या बाया हेच घेतात, बाई. पाळी थांबते. कानोबा होईपर्यंत घ्या. आन ते तुमची नागपूरची गोळी चार दिवस बंद ठेवा. तुमच्याबिगर फुलोरा कसा होईन?"

तिनं चूक केली असं मी म्हणणार नाही. गावातली कुठलीही बाई हेच करती. ती मला आत न्यायला धडपडत होती. मी पट्टी हातात घेऊन बसले. एक गोळी, आणि मी चुलीपाशी. खरं सांगते, मोह झाला.

मी दवाखान्यात फोन लावला. तिथली सिस्टर म्हणाली, औषधानं असं होतं, पण तपासायला हवं, सोनोग्राफीला या. आपली गोळी बंद करू नका आणि दुसरी कुठलीही हार्मोनची गोळी मनानं घेऊ नका, तीही हार्मोनचीच असते. स्कॅन तोंडावर आहे, आता खेळ नको.

मी पट्टी उंबऱ्यावर परत ठेवली. "वहिनी, मला जगायचं आहे," म्हटलं. हे वाक्य मी त्याआधी कुणासमोर बोलले नव्हते. तिनं पट्टी उचलली आणि आत गेली.

कानोबाच्या दिवशी दुपारी ती परात घेऊन अंगणात माझ्या दारासमोर बसली. वेणी दोनदा तेलात सुटली होती. मी कणकेला हात लावू शकत नव्हते, तोंडानं सांगून तिला कळत नव्हतं. शेवटी मी माझे केस सोडले. केमोनंतर उगवलेले, उंदराच्या शेपटीएवढे. ते पुढे घेऊन पेड कुठे आवळायचा, टोक कुठे दाबायचं ते दाखवू लागले. मी केस गुंफत होते, ती कणीक. मधे अंगण होतं.

ती वेणी तळायला आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "जमली जी बाई! नाही सुटली!"

मी "शाब्बास" म्हटलं. मग वाटलं, झालं, आता त्या एका दिवसालाही मी लागणार नाही. मी खूप रडले.

पुढे सोनोग्राफी झाली, तिच्यात वाईट काही निघालं नाही. मग स्कॅन. डॉक्टरांनी पडद्यावर कणा दाखवला. डाग लहान झाले होते. "लागू पडलंय," ते म्हणाले, "चालू ठेवायचं. मधून मधून अंगावरून जाईल, आम्ही लक्ष ठेवू." मी त्यांना हात जोडले. परतताना भंडाऱ्याला बस बदलली तेव्हा स्टँडवरूनच वहिनीला फोन केला. ती फोनवर रडली, देवाचं नाव घेतलं. मग तिनं विचारलं, "आन ते अंगावरून जाणं, बाई?"

"गोळी चालू आहे तोवर येत-जात राहील म्हणतात."

"बरं बरं. तुमी या लवकर."

घरी पोचले तेव्हा ती अंगणातच उभी होती. मला हाताला धरून नेल्यासारखं करत, पण हात न लावता, ती बाहेरच्या खोलीकडे घेऊन गेली. पोती दिसत नव्हती. भिंतींना चुना दिला होता. छताला नवा पंखा होता.

"तुमच्या भावानं तुमसरवरून आणला," ती म्हणाली. "आता कितीबी वर्षं राहा जी, बाई. गरमी होणार नाही."

तिनं मोठ्या हौसेनं बटण दाबलं. मी खाटेवर बसले. पंखा चांगला होता, आवाजही करत नव्हता.