एक, दोन, चार

हसणारच आहात, तर आधी कप खाली ठेवा. चहा सांडेल, असला गाढवपणा मी करून बसलोय. आणि तोही सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवत आलेल्या माणसाने!

आमच्या तुंगार्लीत एक जुना बंगला पाडत होते, त्याला आता दहा वर्षं झाली. त्यातलं जेवणाचं भलंमोठं टेबल मोडीत निघालं होतं. आमच्या सुमनने त्याच्या वरच्या सागवानी फळ्या टेम्पोत घालून घरी आणल्या. म्हणाली, "चार आहेत. पुढच्या गॅलरीत दोघांचा बाक करायचा. सकाळचा चहा तिथे."

मी म्हणालो, "करू या."

फळ्या पलंगाखाली गेल्या. दर दिवाळीला ती आठवण करून द्यायची, दर दिवाळीला मी "करू या" म्हणायचो. वाकून फळ्या पाहाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी सुमन गेली.

या हिवाळ्यात मी पहिल्यांदा वाकलो. फळ्या बाहेर ओढल्या. पाहतो तर तीन! प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने सुमनने आकडा घातलेला: १, २, ४.

आता तुम्हीच सांगा, गणिताच्या मास्तराने यावरून काय निष्कर्ष काढावा? मी काढला. सुमनचं मोजणं कच्चं, हे तर मी लग्नापासून म्हणत आलो होतो. आकडे घालताना तीन गाळला, शेवटचा आकडा चार आला, म्हणून बाईसाहेबांच्या फळ्या चार! मी एकटाच बसून हसलो. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी हसलो.

कुसगावच्या सदाभाऊ सुतारांकडे तीन फळ्या नेल्या. त्यांनी टेप लावला, डोकं खाजवलं.

"सर, बसायला दोन, पाठीला दोन. पाय मी माज्याकडलं लावतो. पर एक फळी कमी पडतीया."

"मग?"

"कापून आखूड केला तर तीनात भागंल. एका मानसाचा हुईल झकास. आन् तसंबी तुमी आता..." सदाभाऊ थांबले आणि उगाच टेप गुंडाळू लागले.

"दोघांचा करायचा," मी म्हणालो.

"मंग जोडीची फळी आना." त्यांनी कडेचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. "ह्यो नमुना. आन् आयका, सुकं लाकूड खोटं बोलतं. बोटाला थुकी लावायची, लाकडावर घासायचं. मंग खरा रंग वर येतो."

झालं! फळ्या परत घरी आणल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी शबनममध्ये तुकडा आणि तोंडात बोट घेऊन हिंडायला लागलो. जुन्या लाकडांच्या वखारी पालथ्या घातल्या. कुठे रंग जुळे तर रेघा जुळेनात, रेघा जुळत तर रंग पळे. मग नजर घराघरांत जायला लागली. दाताच्या डॉक्टरांचा बाक. वाचनालयाचं टेबल. देवळाची दानपेटीसुद्धा सुटली नाही. लोक पाहत होते, पण सरांना कोण विचारणार?

कळस झाला एका सहकाऱ्याच्या मुलाच्या साखरपुड्यात. नवऱ्या मुलाचे मामा एका जुन्या खुर्चीत बसले होते. खुर्चीचा पाय अगदी आमच्या फळीच्या रंगाचा! मी बोट ओलं केलं आणि वाकलो.

"अहो सर, हे काय! तुम्ही वयाने मोठे!" मामा घाबरून उठले आणि उलट माझ्याच पाया पडायला वाकले. आमची डोकी आपटली. मागच्या मुलीकडच्या मंडळींना वाटलं, पाया पडायचा कार्यक्रम सुरू झाला. रांग लागली! मामा आशीर्वाद देतायत, मी कपाळ चोळतोय, आणि खुर्ची निघाली आंब्याच्या लाकडाची. वर नुसतं पॉलिश!

मधल्या एका रविवारी मळवलीला पारूमावशींकडे गेलो. पारूमावशी आमच्याकडे बारा वर्षं कामाला होत्या, सुमनच्या आजारात दिवसभर तिच्याजवळ असायच्या. आता घरची भातशेती आणि शेजारच्या बंगल्याची राखण बघतात. दारापुढे विटांवर टाकलेल्या एका काळपट फळकुटावर त्यांनी मला बसवलं, चहा दिला. मी तुकडा दाखवला.

"मावशी, असं लाकूड कुठे पाहिलंय का हो? सुमनच्या बाकाला कमी पडतंय."

मावशींनी तुकडा हातात घोळवला. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बाजूला खाली पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, न्यायचं आसंल तर न्या की. लाजताय कशापायी? तुमचंच हाय."

मी खाली पाहिलं. फळकुटाला टेकून इंद्रायणी तांदळाची पिशवी उभी होती. नवा तांदूळ, वास सुटलेला! केवढं मन, मी म्हटलं.

"एवढं कशाला, मावशी?" म्हणालो, आणि पिशवी घेऊन आलो.

त्यानंतर आठवडाभराने मृणाल, माझी मुलगी, न कळवता पुण्याहून आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांच्या खुर्च्यांना थुंकी लावता?"

"कोणी सांगितलं?"

"तीन जणांनी फोन केला! एक काकू म्हणाल्या, आई गेल्याचं मनावर घेतलंय बहुतेक, कोणाला तरी दाखवा."

मी तिला सगळं सांगितलं. तुकडा दाखवला, आकडे दाखवले, आईच्या मोजण्याची गंमतही सांगितली. ती हसली नाही. त्या १, २, ४ वरून तिने बोट फिरवलं.

"बाबा, आई वाण्याच्या बिलातली चूक दुकानात उभ्या उभ्या काढायची. ती तीन गाळेल?" मग म्हणाली, "चला, मावशींना भेटून येऊ. तांदूळ काय असेच उचलून आणलेत?"

मळवलीला पोचलो. मावशींनी मृणालला जवळ घेतलं. मी मागच्या वेळच्याच जागी टेकलो आणि लाकूड कसं कुठेच मिळत नाही याची कथा पुन्हा सुरू केली.

मृणाल माझ्याकडे एकटक बघत होती.

"बाबा, उठा."

"का?"

"उठा म्हणते ना."

मी उठलो. तिने ते फळकूट दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं. खालच्या बाजूला ऊन लागलं नव्हतं. मधासारखा रंग, ओळखीच्या रेघा आणि मधोमध निळ्या ऑइलपेंटने ठसठशीत आकडा: ३.

लोकांचा कळसा निदान काखेत तरी असतो. मी त्यावर बसून चहा प्यायलो होतो. मावळातल्या यच्चयावत लाकडांना थुंकी लावली, फक्त बुडाखालच्याला सोडून!

"ही तुमच्याकडे कशी, मावशी?" मी विचारलं.

"आता घ्या!" मावशींनी कपाळावर हात मारला. "सर, तुमीच दिली न्हवं का? बाईंच्या पलंगाशेजारी इटांवर हीच तर फळी व्हती. त्येच्यावर चादर टाकून मी बसायची, बाईंचं पाय चेपायची. तेरावं झालं आन् तुमी म्हनला, हितलं समदं उचला, मला दिसाया नगं. मी म्हनलं, औशिदं नेते, फळी ऱ्हाऊ द्या. तुमी आयकलं का? सोता रिक्षात घातलीत!"

मला रिक्षा आठवली. फळी आठवेना. पाच महिने मी त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसत होतो. चादरीखाली काय आहे ते बघण्याचे ते दिवस नव्हते.

"मग गेल्या वेळेला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! मला वाटलं फळी माघारी पायजे, पर मागायला लाजताय. म्हनून म्हनलं, न्या. तर तांदूळ घिऊन पळालात!"

मृणाल इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. हसता हसता मध्येच तिने डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"पण मावशी," मी म्हणालो, "तुम्ही हिच्यावर रोज बसता. नको. राहू दे इथेच."

"बाईंनी बाकासाठी आनली, बाकातच जाऊ द्या. मी काय, जोत्यावर बसंन."

तसं मी बसू देणार नव्हतो. सदाभाऊंना सांगून मावशींसाठी आधी नवा बाक करून घेतला आणि मगच फळी हलवली. मावशी नव्या बाकावर बसल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "ब्येस हाय. पर दाराच्या रंगाशी जुळतंय का बगा की सर. लावा थुकी!"

सदाभाऊंनी रंधा मारला. वरचं राखाडी निघून गेलं आणि आतून तोच रंग आला. एके ठिकाणी औषधाच्या बाटलीचा गोल डाग होता. म्हणाले, "काडू का?" मी म्हणालो, "असू दे."

आता गॅलरीत बाक आहे. दोघांचा. एका बाजूला मी बसतो. दुसऱ्या बाजूला रविवारी कधी मृणाल असते, कधी मावशी येतात, एरवी वर्तमानपत्र. बसायला एक आणि दोन, पाठीला तीन आणि चार. सुमनने घातलेल्या क्रमाने लावल्या, तर टेबलावरच्या रेघा एका फळीतून दुसरीत सरळ जातात. आकडे कशासाठी होते ते तेव्हा कळलं.

परवा नववीच्या वर्गात एका मुलीचं उत्तर चुकलं. मी सवयीने ओरडणार होतो, "मोजता येत नाही का?" तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, हिला नंतर सांगू. आधी स्वतःला तीनपर्यंत येतं का, ते बघू.