बसस्टँडवरचा कडुलिंब

मित्रांनो, मला दिसत नाही, म्हणून मोबाईलवर बोलून हे लिहायलोय.

आज दुपारी पूर्णेच्या बसस्टँडवर आमच्या सल्लागार समितीची बैठक झाली. सोयी करण्याआधी अंध प्रवाशांना विचारायचं, एवढंच तिचं काम.

एसटीचे साहेब उत्साहानं म्हणाले, "तुमच्या पायांना कळेल अशी खडबडीत फरशी बसवतोय. आड येणारा कडुलिंब तेवढा तोडू."

माझ्या शेजारी बसलेल्या सुमनताई, त्याही अंधच, म्हणाल्या, "नका तोडू साहेब. ह्याच्या सावलीचा गारवा अंगाला लागला की मला कळतंय, परभणीची गाडी हितंच लागती."

वर पानं सळसळायली होती. मग साहेब म्हणाले, "फरशीच वळवू."

घरी आलो, तरी ती वळलेली वाट मी मनात चालायलोय. अजून फरशी बसवलीही नाही, पण सावली लागायली.

तुमच्या गावातली कोणती खूण तुम्हाला डोळे मिटूनही सापडेल?