बंद दाराची राखणदारीण

लालबागच्या त्या चाळीत कोणाला ताप आला की घरातल्या माणसांच्या आधी बकुळाबाईंना कळायचं. नळावर कोण आलं नाही, कोणाकडे भाताची पेज शिजते, कोणाचं पोर गॅलरीत दिसत नाही, यावर त्यांची बारीक नजर. माणसं पाठीमागे ‘पोलीसपाटलीण’ म्हणत. पण म्युन्सिपालटीचा देवीडॉक्टर, म्हणजे देवीची लस टोचणारा, आला की आधी त्यांच्याच दारात उभा राही. ‘फोड अंगावर येण्याआधी मला कळवा,’ एवढंच त्याचं मागणं. बाई ते इमानेइतबारे करायच्या, आणि थोडा तोराही मिरवायच्या.

छप्पन साल होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते आणि गोळीबारानंतर पोलीस पोरांना हुडकत चाळी पालथ्या घालत होते. अशात समोरच्या राधाचं दार बंद झालं. राधा नळावर येईना, कोणाशी बोलेना. तिचा दीर रामदास मोर्च्यात पुढे असायचा. बाईंनी ताडलं, पोरगा आत लपलाय, कदाचित जखमी असेल. सख्ख्या नवऱ्यालाही त्या हे बोलल्या नाहीत, मग सरकारी माणसाला सांगणं तर दूरच. पोटात ठेवायची गोष्ट त्यांनी पोटात ठेवली.

देवीडॉक्टर आला, त्या दाराशी थांबला.

“इथे कोण राहतं?”

“राधा. गावी गेलीत सगळी,” बाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या. डॉक्टर पुढे गेला. आपण आज महाराष्ट्रासाठी काहीतरी केलं, असं वाटून बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

रामदास कधीच कणकवलीला पळाला होता. आत होती राधाची मुलगी सुगंधा, अंगभर देवी आलेली. घरात देवी आली की तिचं नाव काढायचं नाही, म्हणून खुणेला दारावर लावायचा कडुलिंबाचा पालासुद्धा राधाने दाराच्या आतल्या बाजूलाच लावला होता. मुलीला साथीच्या इस्पितळात नेतील ही धास्ती होतीच.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या लवूच्या तान्ह्या मुलाच्या अंगावर फोड उठले. जरा बाळसं धरू दे, मग देवी काढू, म्हणून त्याला टोचायचं राहिलं होतं. त्या दिवशी खरं कळतं तर डॉक्टरने चाळीतल्या एकूणएक पोराला तिथल्या तिथे टोचलं असतं. मूल गेलं. राधाच्या दाराआड रामदास नव्हता, देवी होती, हे बाईंना तेव्हा उमगलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसलं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला शहाणपण सुचलं, या विचाराने त्यांना घास उतरेना. लवूच्या घरी जाऊन सांगावं असं रोज वाटे. पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

सुगंधा वाचली. ती हिंडूफिरू लागली तेव्हा राधा ओटीचे नारळ-तांदूळ घेऊन बाईंच्या दारात आली.

“काकी, तुमका सगळा ठावक होता, तरी डागदराक सांगूक नाय,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमी होतास म्हणून माझा पोर माझ्या मांडयेर रवला. पदर पसरा.”

शेजारच्या दारात लवूची बायको उभी होती. ती सगळं ऐकत होती. बकुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्याला आत रामदास आहे असं वाटलं होतं हे न सांगता पदर पसरला.