भिकाजीच्या रायझरची उंची

भिकाजीने आखातातल्या अल ऐनहून घरी पहिलं पत्र लिहिलं. त्यात 'इथे दिवसभर दारू भरतो' एवढंच होतं, आणि तिकडे गुहागरात त्याच्या आईने, तानुबाईने अन्नपाणी सोडलं. खुलासा पोचायला बावीस दिवस लागले. दारू बंदुकीची होती. शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात सरावाच्या गोळ्या तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. वापरलेली पितळी पुंगळी प्रेसमध्ये लावायची, दांडा ओढून तिच्यात दारू सोडायची, वर गोळी दाबून बसवायची. मधे क्षणभर पुंगळीत डोकावून दारू पडली का ते बघायचं. त्याची सगळी नोकरी त्या डोकावण्यावर चालली होती. रिकाम्या पुंगळीवरची गोळी पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली की पिस्तूल हातातच फुटतं.

नऊ वर्षं बुटक्या टेबलावर वाकून त्याची कंबर पार कामातून गेली. शेवटी सत्त्याण्णव साली यूनुसभाई, म्हणजे क्लबची शस्त्रं सांभाळणारा हैदराबादी, दोन रायझर घेऊन आला. प्रेस उचलून धरायचे लोखंडी स्टँड; एक सहा इंची, एक नऊ इंची.

"बडावाला लगाओ, कमर सीधी रहेगी," भिकाजी म्हणाला.

"कमर छोड़ो, आँख देखो. अंदर का तला दिखना चाहिए. जूता पहनो और सामने खड़े हो जाओ."

वर्कशॉपात जाड तळव्याचे सेफ्टी बूट सक्तीचे होते. भिकाजीने ते चढवले आणि उभा राहिला. पुंगळीचा तळ स्वच्छ दिसला. नऊ इंची रायझर बसला.

आता या शहाण्याची गंमत बघा. यूनुसभाईची पाठ वळली की हा बूट दाराबाहेर काढायचा. वडील गावच्या भातगिरणीत होते. यंत्रापुढे पायताण घालून उभं राहायचं नाही हे त्यांनी लहानपणीच कान पिळून शिकवलेलं. दसऱ्याला तो प्रेसला झेंडूसुद्धा वाहायचा. माप बुटातलं आणि काम अनवाणी! दीड इंचाचा फरक पडला तो त्याच्या ध्यानातही आला नाही. पुंगळीत काळोख दिसायचा आणि काळोखालाच तो दारू समजायचा. पाठ ताठ राहत होती, त्या सुखात तीन आठवडे गेले.

चौथ्या शुक्रवारी सकाळी त्याने भरलेली चार खोकी रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर गेली. चहाला जायला त्याने बूट घातले, तेवढ्यात प्रेसचा दांडा अर्धवट राहिलेला दिसला. तो तसाच बुटांनिशी आत गेला आणि सवयीने डोकावला.

तळाशी पितळ चमकत होतं. दारूचा कणही नव्हता.

त्याने बूट काढून पाहिलं. काळोख. पुन्हा घातले. पितळ. प्रेसवरच्या दारूच्या डब्याच्या तोंडाशी गुठळी अडकली होती. अशा किती पुंगळ्या रिकाम्या गेल्या, देव जाणे. भिकाजी पळत सुटला.

रेंजवर शहनाझ उभी होती. इथल्याच अरब घरची, विद्यापीठात शिकणारी मुलगी, येता-जाता "अंकल, सब ठीक?" विचारणारी. आजच्या खोक्यांवर तिचं नाव त्यानेच चिकटवलं होतं.

"खलास! खलास!" तो ओरडला, म्हणजे अरबीत 'बस, थांबा'. पण सगळ्यांच्या कानांवर आवाजरोधक टोप्या, ऐकणार कोण? शहनाझने खटका ओढला. धाड व्हायच्या जागी नुसतं टुप् झालं. तिने कपाळाला आठी घातली, पुढची गोळी चढवली आणि हात पुन्हा वर केला.

तिचा हात धरायची भिकाजीची छाती झाली नाही. त्याने पायातला बूट उपसला आणि भिरकावला. बूट तिच्यासमोरच्या टेबलावर आदळला, खोकी उधळली. तिने दचकून पिस्तूल खाली ठेवलं.

सगळ्यांनी कानांवरच्या टोप्या उतरवल्या. त्या देशात पाहुण्या मजुराने घरच्या लेकीवर जोडा फेकला होता. यूनुसभाईने त्याची कॉलर धरली.

"नली में गोली अटका है! पहिले नली देखो, फिर मारो मेरेको!"

यूनुसभाईने पिस्तूल रिकामं केलं, नळीत सळई घातली. सळई अर्ध्यावर थांबली.

भिकाजीने मग मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. तीन आठवड्यांतली एकही गोळी वापरू नका म्हणाला. नोकरी गेलीच, हे धरून तो एका उघड्या पायाने वाळूत बसला आणि रडला. लाज वाटत होती, तरी रडला.

शहनाझने टेबलावरचा बूट स्वतःच्या हाताने उचलला आणि त्याच्या पायापाशी आणून ठेवला. "पहन लो, अंकल. पाँव जलेगा."

तीन आठवड्यांच्या उरलेल्या गोळ्या उघडल्या, तेव्हा आणखी अकरा रिकाम्या निघाल्या. माप मीच चुकीचं घेतलं, असं यूनुसभाईने मॅनेजरला सांगितलं. नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी यूनुसभाई पाना घेऊन आला.

"जूता पहनोगे तो यही चलेगा. कमर भी सीधी रहेगी."

भिकाजीने नकाराची मान हलवली. "छोटावाला लगाओ. जूता मैं भूल सकता हूँ, यूनुसभाई."

त्याने बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि प्रेससमोर येऊन उभा राहिला. यूनुसभाई खाली बसला आणि मापाची टेप त्याच्या उघड्या टाचेपाशी टेकवली.