सरांची सही

चाकणपासून काळेवाडीपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्याच्या हातांना दहा बोटे आहेत आणि ती दहाही वाकतात, त्याने दिवसातून एकदा आमच्या सरांची आठवण काढायला हरकत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांची आठ किंवा नऊच उरली आहेत त्यांनी तर काढावीच. हातांची सर्जरी मी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि शिकताना मनातल्या मनात त्यांना जितक्या शिव्या घातल्या तितक्या आयुष्यात दुसऱ्या कोणालाही घातल्या नसतील.

सरांना चेहरे लक्षात राहत नसत, हात मात्र ते कधी विसरत नसत. एकदा वाकडच्या मॉलमध्ये समोरून येणाऱ्या एका गृहस्थाला अडवून त्यांनी "करंगळी कशी हाय?" असे विचारले. तो बिचारा घाबरून सुरक्षारक्षकाला शोधू लागला, मग एकदम ओळख पटून पायाच पडला, आणि त्याची बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बघत राहिली. लग्नात सर स्टेजवर गेले की मागची रांग तुंबायची, कारण शुभेच्छा देण्याच्या निमित्ताने ते नवरदेवाच्या अंगठ्यात ताकद किती आहे ते बघत असत. परदेशात शिकून आलेला हा माणूस मावळातल्या आपल्या गावाचे व्हय-न्हाई सोडायला काही तयार नव्हता. परिषदेत तासभर फर्डे इंग्रजी बोलून खाली उतरले की आम्हालाच विचारायचे, "बरं झालं का न्हाई?"

नव्या ज्युनिअरच्या हातात ते पहिल्या आठवड्यात चिमटासुद्धा देत नसत. त्याला चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये पाठवत, पूर्ण शिफ्टभर पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनशेजारी उभे राहायला. "ज्या मशिनीनं बोट गेलं ती बघितली न्हाई, तर शिवणार काय तू?" असा त्यांचा सवाल. माझ्या बरोबरचा एक हुशार मुलगा, वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, दोन दिवस कानात कापूस घालून तिथे उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याने त्वचारोग विभागाची चौकशी सुरू केली.

पण सरांचा खरा छळवाद होता तो सहीचा. ज्युनिअर सर्जनचे सगळे भवितव्य एका लॉगबुकात असते. केलेले प्रत्येक ऑपरेशन त्यात लिहायचे आणि समोर शिकवणाऱ्याची सही घ्यायची. सह्या पुरेशा झाल्या की परीक्षा, मग पुढचे शिक्षण, मग नोकरी. बाकीच्या युनिटांत हातमोजे काढता काढता सही होऊन जाई. आमचे सर सहा महिने थांबत. पेशंटने गुरुवारी ओपीडीत यायचे, शर्टाची वरची गुंडी लावून दाखवायची, किल्लीने कुलूप उघडायचे आणि शेवटी सरांच्या डब्यातला वरणभात कालवून खायचा. शिते सांडली नाहीत तर सही. त्यामुळे दर गुरुवारी सर उपाशी, आम्ही सहीवाचून, आणि पेशंट तेवढे तृप्त, असा देखावा असे. कुरकुर केली तर म्हणायचे, "टाका घातला की तुझं काम संपतं गं पोरी. त्याचं तिथनं सुरू हुतं."

बालाजी मला याच काळात भेटला. परभणीकडचा, चाकणच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणारा, तिशीतला माणूस. उजव्या हाताची तर्जनी कातडीच्या एका पट्टीवर लोंबत होती. मी बोट वाचवायचे ठरवले. थिएटरच्या दारात सरांनी विचारले, "त्याला विचारलंस का?"

"हो सर, संमतीपत्रावर सही घेतली आहे."

"सही न्हाई म्हनत मी. बोट कशाला पायजे, त्ये विचारलंस का?"

मला प्रश्नच वेडगळ वाटला. बोट कशाला पाहिजे म्हणजे काय? सर म्हणाले, "बरं, घे."

पाच तास मी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिन्या जोडत होते. सर शेजारच्या स्टुलावर बसून दुसऱ्या भिंगातून सगळे बघत होते; एकदाही हात लावला नाही की एक शब्द बोलले नाहीत. शेवटी पांढरेफटक बोट हळूहळू गुलाबी झाले. मी आईला फोन करून रडले आणि वॉर्डात पेढे वाटले. दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात मला पुढच्या प्रशिक्षणासाठी जायचे होते, आणि त्यांना एकटीने केलेले नेमके असेच एक ऑपरेशन सहीनिशी हवे होते. मी लॉगबुक पुढे केले. सर म्हणाले, "सहा म्हैन्यांनी बघू."

सहा महिने झाले, पण टाके काढून गेल्यापासून बालाजी आलाच नाही. अर्जाची मुदत जवळ आली, तशी मी पत्ता शोधत काळेवाडीत त्याच्या खोलीवर गेले. मला बघताच त्याने हातावर रुमाल टाकला. "बोट लई भारी झालंय मॅडम, बघणारा म्हणतो कुठं तुटलंय ते कळत बी नाही," एवढेच बोलला. मी आग्रहच केला, म्हणून गुरुवारी आला.

सरांनी डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. बालाजी कालवायला लागला. तर्जनी ताठच्या ताठ, जराही वाकेना. ती डब्याच्या काठावर अडत होती आणि घास तोंडापर्यंत जाण्याआधीच शिते शर्टावर पडत होती. दोनदा प्रयत्न करून त्याने गुपचूप डाव्या हाताने घास घेतला. मग खाली बघत म्हणाला, "मधी मधी येतंय मॅडम. काई धरायला गेलं की आधी हेच आडवं. कंपनीनं झाडायला घातलं, नंतर ब्रेक देऊन घरी बसवलं. बायको लेकीला घेऊन गावाकडं गेली. तुम्ही रागावू नका, पण हे काढता येतंय का?"

इतके महिने तो का आला नव्हता ते मला तेव्हा कळले. मी एवढे कष्ट घेऊन बोट जोडले, मला वाईट वाटेल, म्हणून तो आला नव्हता. मी बाहेरच्या बाकावर जाऊन रडत बसले. थोड्या वेळाने सर शेजारी येऊन बसले. उपाशी होतेच. म्हणाले, "मीबी थांबवलं न्हाई तुला. बोट गुलाबी व्हताना बघायचा मोह मलाबी सुटत न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी मी बालाजीजवळ सकाळभर बसले. काय काय धरतो, काय उचलतो, उरलेल्या बोटांनी काय जमते, सगळे विचारले. त्याने हाताने करून दाखवले. मग मीच जोडलेले बोट मी मुळापासून काढले. सर मदतनीस म्हणून समोर उभे होते. हातमोजे काढून त्यांनी लॉगबुक मागितले आणि त्या ऑपरेशनपुढे तिथल्या तिथे सही केली.

"सर, सहा महिने?"

"ह्या येळंला विचारलंस की."

वरच्या ओळीतल्या त्या पाच तासांच्या ऑपरेशनपुढे त्यांनी काही लिहिले नाही आणि मीही मागितले नाही. दक्षिणेतली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी इथेच राहिले.

सरांना जाऊन आता दोन वर्षे होतील. बालाजीची कंपनीतली जागा भरली गेली ती गेलीच. तो काळेवाडीत दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात लागला आहे, चार बोटांनी झपाझप काम करतो. बायको आणि मुलगी परत आल्या आहेत. मी गाडी घेऊन गेले की आवर्जून म्हणतो, "बरं केलं मॅडम, काढून टाकलं." बोट जोडल्याबद्दल तो कधी काही बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण त्या दिवशी माझे हात जसे चालले तसे नंतर कधी चालले नाहीत. आयुष्यातले माझे सगळ्यात सुंदर काम तेच होते. ते बघायला फक्त सर होते, आणि आता तेही नाहीत.